कुंडीतल्या मिरचीचा बोकड्या: फवारलं की जातो, पंधरा दिवसांत परत येतो

मिरचीची पानं मुरडली की सल्ला एकच येतो: कडुनिंबाचं तेल मारा. तेल मारलं जातं, आठवडाभर झाड बरं वाटतं, दोन-चार पानं सरळ निघतात आणि मग शेंडा पुन्हा आवळायला लागतो. मग तेलाचं प्रमाण वाढतं, त्यात लसणाचा अर्क येतो, कुणीतरी एप्सम सॉल्ट सुचवतं, कुणी अंड्याची टरफलं. सगळं एकाच आठवड्यात झाडावर पडतं. पुढे झाड सुधारलं तर कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कशामुळे ते कळत नाही.

बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हा एकच रोग नाही, इथूनच सुरुवात करायला हवी. पान मुरडणं हे फक्त लक्षण आहे. ते फुलकिड्यांमुळे (थ्रिप्स) होतं, कोळ्यामुळे (माइट) होतं, विषाणूमुळे होतं, माव्यामुळे होतं, आणि उन्हामुळे, पाण्यामुळे, कधी खतातून आलेल्या तणनाशकामुळेही होतं. कोळ्यावर चालणारं औषध विषाणूवर काहीच करत नाही, आणि किडींवरची कित्येक औषधं कोळ्याला लागूच पडत नाहीत. त्यामुळे बाटली उचलण्याआधी पान उचलून बघायचं.

पान वर वळतंय की खाली?

शेंड्याजवळचं, नुकतंच उघडलेलं पान घ्या. जुनी पानं नकोत, ती महिन्यापूर्वीची गोष्ट सांगतात.

कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर पहिला संशय फुलकिड्यांवर. पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे दिसतात आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. ती त्यांची विष्ठा. किडा स्वतः जेमतेम १ मिलिमीटरचा, फिकट पिवळा, आणि शेंड्याच्या घडीत लपलेला, त्यामुळे झाडाकडे नुसतं बघून तो दिसत नाही. पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि फांदीला बोटाने दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर बरीच धूळ पडेल. दहा सेकंद थांबा. धुळीतले काही बारीक पिवळसर तुकडे चालायला लागले तर उत्तर मिळालं. फुलं आली असतील तर एक फूल तोडून कागदावर झटका, कारण फुलाच्या आत त्यांची गर्दी पानापेक्षा जास्त असू शकते.

कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान अरुंद आणि जाडसर झालं असेल, देठ नेहमीपेक्षा लांबलेला असेल, तर पांढरा कोळी समजा. पानाची मागची बाजू तेलकट, तांबूस आणि जराशी खरखरीत होते. फळं आली असतील तर त्यांच्या सालीवरही तपकिरी, बुचासारखे चट्टे दिसतात. हा कोळी साधारण ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसत नाहीच. दहापटीच्या भिंगाखालीही तो सहज निसटतो. तीसपट किंवा त्याहून जास्त मोठं दाखवणारं भिंग लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायची स्वस्त भिंगं मिळतात, त्यांनी भागतं. कोळी पळत असतो, त्यामुळे त्याच्यामागे न लागता अंडी शोधा. पारदर्शक, लांबट अंड्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात, आणि एकदा बघितलं की दुसऱ्या कशाशी त्यांची गल्लत होत नाही.

घरच्या कुंड्यांत सगळ्यात जास्त चुकीचं निदान या कोळ्याचंच होतं असं माझं मत आहे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून लोक 'कीड नाही, काहीतरी कमी पडतंय' असं ठरवतात आणि खतं ओतत बसतात. जाळं करणारा लाल कोळी लोकांना माहीत असतो. त्याची जाळी दिसते, पानावर पिवळे ठिपके दिसतात, आणि तो कोरड्या गरम हवेत वाढतो. पांढरा कोळी जाळं करत नाही, त्याला उबदार आणि दमट हवा आवडते. जाता जाता एक गंमत: याचे नर अर्धवट वाढीच्या माद्यांना पाठीवर घेऊन कोवळ्या पानांकडे नेतात, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना धरून लटकतो. म्हणजे पांढरी माशी उडाली की दोन दुखणी एकदम येऊ शकतात.

तिसरा प्रकार विषाणूचा. पानं वर वळतात, पण त्याबरोबर ती बारीक होतात, शिरा जाड आणि ठळक दिसतात, शिरांमधला भाग फिका पिवळा पडतो, पेरं आखूड होऊन शेंड्याला पानांचा गुच्छ बनतो आणि झाडाची वाढ खुंटते. फुलं गळतात किंवा येतच नाहीत. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. हात हलवला की पानांखालून पांढरे ठिपके उडाले आणि पुन्हा येऊन बसले तर तीच. फुलकिडे आणि विषाणू यांच्यात गोंधळ होतो, कारण दोन्हींत पान वर वळतं. फरक असा की फुलकिड्यांच्या पानावर ओरखडे असतात आणि एखादी फांदी जास्त, एखादी कमी असा प्रकार असतो. विषाणूत ओरखडे नसतात, आणि लागण झाल्यानंतर निघणारी जवळपास प्रत्येक नवी पालवी तशीच येते.

मावा असेल तर वेगळं सांगायला नको. हिरवे किंवा काळपट किडे शेंड्याला चिकटलेले दिसतात, पानांवर चिकटा असतो, मुंग्यांची रांग लागलेली असते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मं काम होतं, उरलेलं साबणाच्या पाण्याने. मुंग्या माव्याची राखण करतात, म्हणून त्यांची वाट आधी बंद करा.

कीड नसेलच तर

दुपारी पानं वर गुंडाळलेली, रंग हिरवागार, आणि संध्याकाळी पुन्हा सरळ: हे दुखणं नाही, झाड पाणी वाचवतंय. तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की मिरची असं करते. घरात ग्रो लाइटखाली, म्हणजे रोपं वाढवायच्या दिव्याखाली, वाढवत असाल तर दिवा फार जवळ आल्यावरही तसंच होतं, फक्त तिथे वरची पानं मुडपलेलीच राहतात आणि खालची ठीक असतात. दिवा १०-१५ सेंटिमीटर वर घ्या आणि चार-पाच दिवस दुसरं काहीही करू नका.

पानं खाली लोंबलेली, जड, फुगीर, आणि कुंडी उचलून बघितली तर वजनदार लागते? पाणी जास्त होतंय. मुळांना हवा मिळत नसली की झाड तहानलेलं असल्यासारखं दिसतं, आणि ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. मातीत बोट दोन पेरं घालून बघायची सवय चांगली, पण कुंडीचं वजन हाताला ओळखीचं होणं त्याहून चांगलं.

नवी पानं चुरगळल्यासारखी, कडा वाकड्यातिकड्या, आणि त्याचबरोबर मिरचीच्या टोकाला काळपट मऊ डाग, तर कॅल्शियम पोहोचत नाहीये. 'पोहोचत' म्हणायचं कारण असं की मातीत ते बहुतेक वेळा असतं. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि एकदा जिथे पोहोचलं तिथेच राहतं, जुन्या पानातून नव्या पानात जात नाही. एक दिवस कुंडी कोरडीठाक, दुसऱ्या दिवशी चिखल, असं चाललं की नेमका कोवळा भाग उपाशी राहतो. पाणी नियमित करा. अंड्याची टरफलं टाकून पुढच्या आठवड्यात फरक शोधण्यात अर्थ नाही, ती विरघळायला फार वेळ लागतो. एप्सम सॉल्ट तर इथे उलटं काम करतं. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे, आणि मुळांशी मॅग्नेशियम जास्त झालं की कॅल्शियमचं शोषण आणखी कमी होतं. मॅग्नेशियमची कमतरता जुन्या, खालच्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. शेंडा मुरडला म्हणून एप्सम सॉल्ट द्यायचं काही कारण नाही.

राहिलं तणनाशक. हे कमी वेळा होतं, पण झालं की माणूस वेडा होतो, कारण काहीच लागू पडत नाही. काही तणनाशकं गवतावर फवारली जातात, ते गवत जनावर खातं, आणि औषधाचा अंश शेणात, पुढे कंपोस्टमध्येही टिकून राहतो. अशा खतात लावलेल्या मिरचीची पानं पीळ बसल्यासारखी, दोरीसारखी बारीक निघतात. शंका असेल तर त्याच खतमातीच्या मिश्रणात एका भांड्यात घेवड्याच्या बिया लावा आणि शेजारी खत नसलेल्या मातीत तशाच. शेंगवर्गीय रोपं या औषधांना फार हळवी असतात. दोन-तीन आठवड्यांत खताच्या भांड्यातली पानं वाटीसारखी वळली आणि दुसरी सरळ राहिली, तर ते खत बाजूला काढा.

परत का येतो

समजा निदान बरोबर आहे, फुलकिडेच आहेत. फवारणीही बरोबर झाली. तरी पंधरा दिवसांनी सगळं पहिल्यासारखं. इथे लोक औषधाला दोष देतात. मी म्हणेन कॅलेंडरला द्यावा.

फुलकिड्याची मादी अंडी पानावर ठेवत नाही, पानाच्या आत खुपसते. तेल आणि साबण तिथे पोहोचत नाहीत. अंड्यातून निघालेली पिल्लं काही दिवस पानावर खातात, मग त्यातली बरीच खाली उतरतात आणि मातीत, पालापाचोळ्यात किंवा पानांच्या बेचक्यात कोषासारख्या अवस्थेत पडून राहतात. त्या काळात ती काही खात नाहीत, त्यामुळे पानावर काहीही मारलं तरी त्यांना फरक पडत नाही. उबदार हवेत हा सगळा फेरा साधारण दोन ते तीन आठवड्यांचा. म्हणजे एका फवारणीत तुम्ही फक्त त्या दिवशी पानावर फिरत असलेली पिढी मारलीत. पानातली अंडी आणि मातीतली पिढी तशीच आहे, आणि ती बरोबर पंधरवड्याने हजर होते.

म्हणून फवारणी दर ५ ते ७ दिवसांनी, किमान तीन-चार वेळा, आणि मधे झाड चांगलं दिसलं तरी थांबायचं नाही. दुसऱ्या फवारणीनंतर झाड तरारतं आणि तिसरी राहून जाते. बोकड्या परत येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. त्याबरोबर कुंडीतली गळलेली पानं आणि फुलं उचला, वरची बोटभर माती बदला किंवा तिच्यावर सुकं आच्छादन बदलून घाला.

कोळ्याचं गणित वेगळं. अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला उबदार दमट हवेत आठवडाही लागत नाही, त्यामुळे दोन फवारण्यांमधलं अंतर ४-५ दिवसांवर आणावं लागतं. आणि इथे एक मोठा चकवा आहे. कोळी मेला तरी शेंड्यात आधीच इजा झालेली पानं असतात, ती उघडतात तेव्हा वाकडीच उघडतात. दोन-तीन आठवडे हे चालू शकतं. ते बघून 'उपयोग झाला नाही' म्हणून औषध वाढवलं जातं, आणि मग खरोखरच औषधाने शेंडा जळतो.

यावर सोपी युक्ती: फवारणीच्या पहिल्या दिवशी, सगळ्यात वरच्या उघडलेल्या पानाच्या खाली फांदीला रंगीत दोरा सैलसर बांधा. दोऱ्याखालची पानं आता बघायचीच नाहीत. मुरडलेलं पान पुन्हा सरळ होत नाही, ते तसंच राहणार. न्याय दोऱ्याच्या वर करायचा, आणि तोही तिसऱ्या-चौथ्या नव्या पानापासून पुढे. ते सपाट आलं तर उपाय लागू पडला.

परत येण्याचं आणखी एक कारण शेजारी असतं. मिरचीवर फवारलं, पण बाजूच्या टोमॅटो, वांगं, जास्वंद, गुलाबाकडे कुणी बघितलं नाही. यातल्या कित्येक किडी सगळीकडे राहतात. फवारणी करायची तर सगळ्या कुंड्यांवर, आणि नवं रोप आणलं की दोन आठवडे ते बाकीच्यांपासून लांब ठेवायचं.

फवारताना

कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, त्यात १-२ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण. आधी साबण आणि तेल थोड्या कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी घाला. वर तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते मिसळलेलं नाही, आणि तसंच फवारलं तर काही पानांवर नुसतं पाणी आणि काहींवर नुसतं तेल जाईल. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळी करा: कडुनिंबातला कामाचा घटक उन्हात लवकर नष्ट होतो, शिवाय तेल लागलेलं पान उन्हात भाजतं. नोझल खालून वर धरा, कारण सगळं काही पानाच्या मागे आहे. वरून भुरभुरलेली फवारणी म्हणजे झाडाला आंघोळ.

साबणाचं पाणी ओलं असेपर्यंतच मारतं. वाळलं की काम संपलं, मागे काही उरत नाही. कपडे धुण्याची पावडर साबण म्हणून वापरू नका, पानं जळतात.

कोळ्याची खात्री झाली तर पाण्यात मिसळणारं गंधक हे जुनं आणि भरवशाचं औषध आहे. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. दोन पथ्यं: हवा ३२ अंशांच्या वर असताना ते मारू नका, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्या. तेल आणि गंधक एकत्र आले की पानं करपतात. म्हणजे आज तेल, परवा गंधक असा प्रयोग झाडाच्या जिवावर बेततो. झाडाच्या आत भिनणारी कीटकनाशकं घरच्या खायच्या मिरचीवर मला पटत नाहीत. त्यातली अनेक कोळ्यावर चालत नाहीत, उलट कोळी खाणारे कीटक मरून कोळी वाढतो. ढालकिडे (लेडीबर्ड) आणि क्रायसोपाची पिल्लं, म्हणजे किडी खाणारे मित्रकीटक, झाडावर दिसत असतील तर त्या आठवड्यात फक्त पाण्याचा फवारा वापरा आणि त्यांना जेवू द्या.

चिकट सापळे लावायचे तर फुलकिड्यांना निळे, पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळे. त्यांनी कीड संपत नाही, पण मोजता येते. आठवड्याला सापळ्यावर किती नवे चिकटले हे लिहून ठेवलं तर पान मुरडायच्या आधीच अंदाज येतो. आणि हो, मिरची तिखट म्हणून तिला कीड लागत नाही हा समज सोडा. तिखटपणा फळाच्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो, किडी खातात ते पान त्यापासून अलिप्तच असतं.

एका वेळी एकच बदल

घरी तीन-चार कुंड्या असतील तर सगळ्यांवर एकच प्रयोग करू नका. एका झाडाचं फक्त पाणी बदला, दुसऱ्याचं फक्त ऊन कमी करा, एकाला आहे तसं राहू द्या. पण कीड नाही याची कागदावर आणि भिंगाखाली खात्री झाल्यानंतरच, नाहीतर 'आहे तसं' ठेवलेलं झाड बाकीच्यांना कीड पुरवत राहील. नोंद मोठी नको: तारीख, काय केलं, दोऱ्यावरची पानं कशी. नायट्रोजनचं खत या काळात बंद ठेवा. भरपूर नायट्रोजनने पालवी लुसलुशीत होते, आणि रस शोषणाऱ्या किडींना तीच हवी असते.

कधी उपटायचं

विषाणूची लक्षणं पक्की असतील तर उपाय नाही. फवारणीने पांढरी माशी कमी होईल, झाडातला विषाणू जाणार नाही. झाडाला मोठी प्लास्टिकची पिशवी घालून, माश्या आत कोंडून, मुळासकट काढा. आधी माश्या उडवून मग झाड उपटलं तर त्या शेजारच्या कुंडीवर जाऊन बसतात. अशा झाडाच्या मिरच्यांचं बी धरू नका. कोळ्याने किंवा फुलकिड्यांनी त्रासलेलं झाड मात्र उपटायची घाई नको. शेंडे छाटून, निरोगी फुटव्याच्या वरून कापलं तर ते खालून नव्याने फुटतं. छाटलेलं पिशवीत बांधून टाका, कुंडीच्या कडेला ठेवू नका.

कुंडी आणि माती फेकायची गरज नाही. पानं मुरडवणारा हा विषाणू जिवंत झाडात आणि माशीत टिकतो, मातीत नाही. फुलकिड्यांच्या मातीतल्या पिढीसाठी माती पसरून दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळवा, मधूनमधून उलथा, आणि तोवर त्या जागेच्या आसपास मिरची, टोमॅटो, वांगं लावू नका.